घर सजवण्याआधी घर उघडा

(हजरतगंज, लखनौ येथे शरद व्याख्यानमालेत तिथल्या मराठी श्रोत्यांपुढे दिलेले व्याख्यान)



दसरा झाला, दिवाळी तोंडावर आली. या दिवसांत तुमच्या-माझ्या घरात विषय एकच असतो, आवराआवरीचा. दुछत्तीवरची बोचकी खाली येतात, बक्शातल्या रजया उन्हात पडतात, कबाडीवाल्याला हाक जाते. चार दिवस घर उलथेपालथे होते, पाडव्याला लखलखीत दिसते आणि संक्रांत येईतो पुन्हा जैसे थे. एवढी मेहनत करून घर टिकत का नाही आणि ते टिकले तर आपल्या रोजच्या जगण्यात नेमके काय बदलते, हा आजचा विषय. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. घरात नवे काही आणण्याआधी, जे चांगले आधीपासून आहे त्यावर साचलेले बाजूला करा. बरीचशी सजावट तेवढ्यानेच होते.

हे पटवून द्यायला लांब जायला नको. आपण ज्या बाजारात बसलो आहोत, तोच याचा दाखला आहे. नवाब नसीरुद्दीन हैदर यांनी १८२७ मध्ये इथे चीनी बाजार आणि कप्तान बाजार वसवले. १८४२ मध्ये ‘हजरत’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमजद अली शाहांवरून या भागाला हजरतगंज नाव पडले. त्यांची कबर सिब्तैनाबाद इमामबाड्यात, याच बाजाराच्या कुशीत आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी बाजाराला विलायती वळण दिले. म्हणजे कमानी, सज्जे, लांब ओवऱ्या असे पाहण्यासारखे इथे पुष्कळ होते. पण पुढच्या काळात प्रत्येक दुकानाची पाटी शेजाऱ्याच्या पाटीपेक्षा मोठी होत गेली, त्यावर जाहिरातींचे फलक चढले, पदपथ वाहनांनी भरले. इमारत जागेवरच होती, फक्त दिसेनाशी झाली होती.

२०१० मध्ये गंजचा कायापालट हाती घेतला गेला, तो तुमच्यापैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिला आहे. पाट्या एका मापात आल्या, फलक उतरले, दर्शनी भिंतींना गुलाबी आणि मलईसारखा रंग लागला, जुन्या घाटाचे दिव्यांचे खांब आले, चालायला फरसबंदी आणि टेकायला बाकडी झाली. यात कोणी आपले दुकान बंद केले नाही, कोणाचा माल कमी झाला नाही. कमी झाला तो कोलाहल. लखनौकर ज्याला ‘गंजिंग’ म्हणतात, ते काही विकत न घेता सावकाश फिरणे, त्याला पुन्हा जागा मिळाली. जी गोष्ट एका बाजारपेठेला जमते, ती दोन-तीन खोल्यांच्या घराला का जमू नये?

आता शरीराचे काय होते ते पाहू. अमेरिकेत लॉस एंजेलिसमध्ये डार्बी सॅक्सबी आणि रीना रेपेटी या मानसशास्त्रज्ञांनी ६० नोकरदार पती-पत्नींना स्वतःचे घर फिरून दाखवायला सांगितले. दाखवताना ते काय बोलतात याची नोंद घेतली आणि त्यांच्या लाळेतले कॉर्टिसोल काही दिवस मोजले. हे ताणाशी जोडलेले संप्रेरक सकाळी जास्त असते आणि संध्याकाळपर्यंत उतरते. ज्या बायकांच्या बोलण्यात पसारा आणि अर्धवट राहिलेली कामे वारंवार आली, त्यांच्यात ही उतरण सपाट होती, आणि दिवस सरताना मनही जास्त खिन्न होत होते. हा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. एका अभ्यासावरून जगाचा निवाडा करू नये, हे खरे. पण आपल्याकडच्या कुठल्याही गृहिणीला विचारा, ती हेच सांगेल. बाकीच्यांना पसारा म्हणजे वस्तू दिसतात. तिला ती न झालेली कामे दिसतात. म्हणून मला इथे स्पष्ट बोलायचे आहे. आवरणे हे घरातल्या एकाच बाईचे काम राहील, तोवर कोणत्याही कपाटाने किंवा डब्याने घरात स्वस्थता येणार नाही.

मग सुरुवात कुठून करायची? जेवणाच्या टेबलापासून करा. नीट पाहा त्याच्याकडे. टेबल सहा माणसांचे, पण मोकळी जागा दोघांची. उरलेल्या भागावर वीजबिल, आजोबांच्या गोळ्यांची पाकिटे, दोन चार्जर, पाचसहा लग्नपत्रिका, एक हेल्मेट आणि कालचे वर्तमानपत्र. परिणाम असा की, घरातली माणसे ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर जेवतात. आता प्रत्येक वस्तूला विचारा, तू इथे का? उत्तर एकच येते, मला दुसरीकडे जागा नाही. गोळ्यांचा डबा पाण्याच्या भांड्याजवळ ठेवा, बिलांना दारामागे एक चिमटा द्या, हेल्मेट आणि किल्ल्यांना बाहेरच्या दाराशी खुंटी द्या. टेबल मोकळे होईल आणि मोकळेच राहील. पसारा बहुतेक वेळा आळसाने होत नाही. वस्तूला ठरलेली जागा नसते म्हणून होतो. दिवाळीची झाडलोट संक्रांतीपर्यंत टिकत नाही, त्याचे कारण हेच. आपण वस्तू पुसतो, पण तिला जागा देत नाही.

जागा देण्याचे मोठे काम केलेल्या एका मराठी माणसाचे नाव याच शहराशी जोडलेले आहे. पंडित विष्णू नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने १९२६ मध्ये लखनौत संगीताचे महाविद्यालय सुरू झाले. तेच आज इथून जवळ, कैसरबागेत, विद्यापीठ होऊन त्यांच्या नावाने उभे आहे. घराण्याघराण्यांत विखुरलेल्या चिजा त्यांनी जमवल्या, स्वरलिपीत उतरवल्या आणि शेकडो रागांना दहा थाटांत बसवले. त्यांनी काही टाकून दिले नाही. जे होते ते सापडेल असे केले. यातली दुसरी शिकवणही घेण्यासारखी आहे. पटदीप किंवा मधुवंतीसारखे राग या दहा थाटांत धड बसत नाहीत, तरी ते आपण आनंदाने ऐकतो. तसे घरातही एक खण असा असू द्या, ज्यात वर्गवारीत न बसणाऱ्या वस्तू खुशाल पडून राहतील. सगळेच चौकटीत बसवायचा हट्ट धरला की घराचे प्रदर्शन होते, आणि प्रदर्शनात कोणी पाय पसरून बसत नाही.

यानंतर उजेडाकडे या. कित्येक घरांत खिडकीसमोर कपाट उभे असते, कारण भिंत दुसरी नव्हती. लखनौच्या अक्षांशावर जूनमध्ये माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जवळपास ८७ अंशांवर, म्हणजे अगदी डोक्यावर असतो. डिसेंबरअखेर तो ४० अंशांच्या आसपासच चढतो. म्हणून दक्षिणेच्या खिडकीवर छोटा छज्जा असला तरी उन्हाळ्यातले ऊन बाहेर राहते आणि थंडीतले ऊन खोलीत आतपर्यंत येते. धुक्याच्या दिवसांत तास-दोन तास पडणारे ऊन किती मोलाचे असते, हे इथे जानेवारी काढलेल्याला सांगायला नको. ते कपाट हलवा, तिथे एक खुर्ची टाका. पश्चिमेच्या खिडकीचे उलटे आहे. तिथे लू अडवायला बांबूची चिक किंवा वाळ्याचा पडदा हवा. खिडकीबाहेर झाड असेल तर तो मोठा ठेवा समजा. रॉजर उलरिक यांनी १९८४ मध्ये अमेरिकेतल्या एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा शस्त्रक्रियेनंतर खिडकीतून झाडे दिसणारे रुग्ण विटांची भिंत पाहणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले होते आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली होती. झाड नसेल तर कुंडीतली तुळसही चालेल, पण ती बसल्या जागेवरून दिसली पाहिजे.

आता जरा नाजूक विषयाकडे वळतो. आपण गाव सोडून आलेली माणसे आहोत. नागपूर, कोल्हापूर किंवा रत्नागिरीहून निघताना आपल्या आजी-आईने ज्या वस्तू सोबत घेतल्या, त्यात त्यांचे गाव होते. तांब्याचा बंब, पाटा-वरवंटा, पितळी डबे, जरीची नऊवारी. ‘लागत नाही ते टाका’ असे पुस्तकी नियम या वस्तूंना लावू नका. पण त्या दुछत्तीच्या अंधारात कोंबून ठेवणे हाही त्यांचा मान नव्हे. आठ पितळी गडव्यांतला एक निवडा, चिंचेने घासा, उजेडात ठेवा; बाकीचे भाच्या-पुतण्यांपैकी जो वापरेल त्याला द्या. ट्रंकेच्या तळाशी विरत चाललेल्या सुती लुगड्यांची गोधडी शिवून घ्या. अवधात तिला कथरी म्हणतात, आणि ती शिवणारे हात इथेही सापडतील. आजीचे लुगडे लखनौच्या थंडीत नातवाच्या अंगावर आले, तर त्याहून चांगली जपणूक कोणती?

मात्र एक पथ्य कटाक्षाने पाळा. वडीलधाऱ्यांची वस्तू त्यांना विचारल्याशिवाय हलवू नका. ती त्यांना फालतू वाटत नाही, एवढे कारण पुरेसे आहे. त्यांच्यासाठी आवरायचे असेल तर जमीन आवरा. पलंगापासून न्हाणीघरापर्यंतची वाट मोकळी करा, सरकणारी सतरंजी आणि आडवी वायर काढा, रात्रीचा मंद दिवा लावा, न्हाणीघरात पकडायला दांडा बसवा. अपघाती मृत्यूंमध्ये पडणे हे जगात दुसऱ्या क्रमांकाचे कारण असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यात वृद्ध सर्वाधिक असतात. सजावटीत भिंतीवरच्या चित्राइतकाच हा दांडाही मोजला पाहिजे.

आणि घराबाहेर काढलेले कुठे जाते, याचाही विचार असू द्या. आपल्याकडे बोहारीण जुने कपडे घेऊन भांडी द्यायची; वस्तू एका घरातून निघाली की दुसऱ्या घरात रुजायची. आज कपडे धुऊन, बटणे लावून दिले तरच ते दान. फाटके-मळके देणे म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकणे. काच आणि पत्रे वेगळे बांधून दिले, तर कचरा वेचणाऱ्याचा हात कापत नाही.

महाराष्ट्रात लक्ष्मीपूजनाच्या रात्री सूप वाजवून अलक्ष्मीला घराबाहेर घालवण्याची रीत आहे. इकडे अवधात आणि पूर्वांचलात दिवाळीच्या सुमारास बायका पहाटे सूप बडवत ‘दरिद्दर’ हाकलतात. शेकडो कोस दूर राहणाऱ्या दोन समाजांना, लक्ष्मी यायची तर आधी जागा मोकळी हवी, हे सारखेच उमगले होते. नव्या केरसुणीची पूजा आपण म्हणूनच करतो.

तेव्हा माझी विनंती एवढीच. या दिवाळीत गंजमध्ये खरेदीला येण्याआधी घरातल्या सगळ्यांनी मिळून एक टेबल, एक खिडकी आणि एक ट्रंक मोकळी करा. पुरुषांनी आणि मुलांनी आपापले खण स्वतः आवरावेत, ते आईवर किंवा बायकोवर टाकू नयेत. मग जे उणे वाटेल तेवढेच विकत घ्या. माझी खात्री आहे, तुमची यादी बरीच लहान झालेली असेल.