मुलांचे दात आणि समाजाची जबाबदारी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा संक्षेप)



दात घासणे हा काही चळवळीचा विषय नव्हे, असे आपल्यापैकी काहींना वाटत असेल. अर्थशास्त्र शिकविण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याने यावर बोलावे हेही चमत्कारिक वाटेल. परंतु मूल दिवसातून कितीदा गोड खाते आणि रात्री दात घासून झोपते की नाही, हे केवळ आईच्या शिस्तीवर ठरत नाही. घरची मिळकत, आईबापांचे कामाचे तास आणि दुकानातील मालाच्या किमती यांवरही ते ठरते. म्हणून हा प्रश्न आपला आहे.

प्रथम शास्त्र काय सांगते ते पाहू. तोंडातील जंतू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दातांचे कठीण आवरण झिजविते. लाळ या आम्लाला शमविते. परंतु त्यास अर्धा तास तरी लागतो. मूल तासातासाने काही गोड चघळत राहिले, तर लाळेला ही सवडच मिळत नाही. स्वीडनमधील व्हिपेहोल्म येथील संस्थेत १९४५ पासून झालेल्या प्रयोगांत हेच दिसून आले. साखर जेवणाबरोबर खाल्ली तर हानी थोडी; चिकट टॉफीच्या रूपाने मधल्या वेळी खाल्ली तर हानी फार. हे प्रयोग बौद्धिकदृष्ट्या अपंग रुग्णांवर, त्यांच्या संमतीवाचून झाले, याचाही विसर पडता कामा नये. दुर्बलांच्या दातांची किंमत देऊन मिळविलेले हे ज्ञान निदान दुर्बलांच्या मुलांपर्यंत तरी पोचले पाहिजे.

‘दुधाचेच दात, पडायचेच आहेत’ असे आपल्याकडे सहज म्हटले जाते. वस्तुतः किडलेला दुधाचा दातही ठणकतो, मुलाची झोप मोडतो आणि शाळा बुडवितो. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे जी दाढ येते ती कायमची असते, हे पुष्कळ घरांत ठाऊकच नसते. ती किडली की पैसेवाल्याच्या मुलाची दाढ भरली जाते आणि गरिबाच्या मुलाची उपटली जाते.

सवय उपदेशाने लागत नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, मोठ्यांच्या बरोबरीने रोज तीच गोष्ट केल्याने ती लागते. सकाळी दात घासण्याची रीत आपल्याकडे आहे. रात्री झोपण्यापूर्वी घासणे अधिक महत्त्वाचे, आणि नेमके तेच राहून जाते. फ्लोराइड असलेली पेस्ट तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी व सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरते. जाहिरातीतला ब्रशभर पट्टा मुलाच्या गरजेचा नव्हे. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्या माणसाने मुलाच्या दातांवरून ब्रश फिरवावा. हे काम आईचेच का? वडिलांचेही आहे. ज्या घरात मोठी माणसे मिश्री लावतात, तेथे मूल तेच शिकते. तंबाखू घातलेल्या दंतमंजनांवर १९९२ साली बंदी आली. परंतु घरच्या तव्यावर भाजलेल्या मिश्रीपर्यंत कायद्याचा हात पोचत नाही. तेथे कार्यकर्त्यालाच जावे लागेल.

आता बाजाराकडे वळू. पहाटे कामावर जाणारी आई मुलाच्या हाती पाच रुपयांचा बिस्किटाचा पुडा ठेवते, कारण तो भूक मारतो, नासत नाही आणि त्यासाठी चूल पेटवावी लागत नाही. तिला दोष देणे हा अन्याय होय. सप्टेंबर २०२५ मध्ये ब्रश व पेस्टवरील वस्तू व सेवा कर ५ टक्क्यांवर आला, हे योग्यच झाले. परंतु बिस्किटे आणि चॉकलेटेही त्याच ५ टक्क्यांत आणली गेली. दात राखणारी वस्तू आणि दात किडविणारी वस्तू सरकारने एकाच तागडीत तोलली! अतिगोड खाद्यपदार्थ शाळेच्या फाटकापासून ५० मीटरांच्या आत विकू नयेत, असा नियम २०२० साली झाला आहे. तो पाळला जातो काय, हे प्रत्येकाने आपल्या गावात मोजून पाहावे.

स्कॉटलंडमध्ये ‘चाइल्डस्माइल’ या सरकारी योजनेखाली बालवाड्यांतील मुले रोज देखरेखीखाली दात घासतात. मुलांच्या दंतोपचारावरील खर्चात त्यामुळे जी बचत झाली, ती या उपक्रमाच्या खर्चाहून अधिक ठरली. आपल्याकडे १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजना आहे, गावोगाव अंगणवाड्या आहेत. तेथे आहारानंतर दहा मिनिटे, प्रत्येक मुलाच्या नावाचा ब्रश आणि सरकारी पुरवठ्यातून पेस्ट, एवढी मागणी अवाजवी खासच नाही. मात्र आधीच कामाने वाकलेल्या सेविकेवर हे फुकटचे ओझे लादू नये. तिच्या मानधनवाढीची मागणी याच निवेदनात असली पाहिजे.

आणि प्रारंभ आपल्यापासून व्हावा. आपल्या कार्यक्रमांत मुलांना गोळ्या-चॉकलेटे वाटण्याऐवजी पेरू, केळी, भाजलेले शेंगदाणे द्यावेत. एका कार्यकर्त्याने एक अंगणवाडी निवडावी आणि वर्षभर तेथे जात राहावे. सवय मुलांना लावायची, तर सातत्य प्रथम आपल्या अंगी बाणले पाहिजे.