बेचाळीस खुर्च्या आणि आपली मोजणी

(२४ ऑगस्ट २०२५ रोजी सोलापुरात तरुणांच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



सुरुवातीलाच सांगतो, मी राजकारणाचा अभ्यासक नाही. इंजिनिअरिंग केलं, आता सॉफ्टवेअरमध्ये नोकरी करतो. आमच्या कामात काही बिघडलं की आरडाओरडा करण्याआधी एक प्रश्न विचारायचा असतो: नेमकं कुठे बिघडलं? आज तोच प्रश्न मंत्रिमंडळाच्या बाबतीत विचारायचा आहे.

१५ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात महायुतीच्या मंत्रिमंडळाचा विस्तार झाला. ३९ मंत्र्यांनी शपथ घेतली. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस आणि एकनाथ शिंदे, अजित पवार हे दोन उपमुख्यमंत्री आधीच ५ डिसेंबरला शपथ घेऊन बसले होते. एकूण ४२. त्या रात्री आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एकच मेसेज फिरत होता: ‘४२ मध्ये आपला फक्त एक.’ तो एक म्हणजे कागलचे हसन मुश्रीफ. दुसऱ्या दिवशी विजापूर वेशीत चहा पिताना एक चाचा म्हणाले, “बेटा, हिसाब खतम. आता आपलं कोण ऐकणार?”

चाचांचं दुःख खरं आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात मुसलमान साडेअकरा टक्के आहेत. ४२ मध्ये एक म्हणजे अडीच टक्केसुद्धा होत नाहीत. केंद्रात तर जून २०२४ मध्ये ७२ जणांनी शपथ घेतली आणि त्यात एकही मुसलमान नव्हता. याला कुणी ‘काही फरक पडत नाही’ म्हणत असेल तर मला ते मान्य नाही. फरक पडतो. पण हिशेब कुठे चुकला हे न बघता ‘खतम’ म्हणणंही मला मान्य नाही.

आधी नियम बघू. पूर्वी सरकार वाचवायला हवे तेवढे मंत्री करता यायचे. उत्तर प्रदेशात १९९७ मध्ये कल्याणसिंग यांनी नव्वदच्या वर मंत्री केले होते. मग २००३ मध्ये ९१ वी घटनादुरुस्ती आली. विधानसभेच्या सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांपेक्षा जास्त मंत्री करता येत नाहीत. आपल्याकडे आमदार २८८, म्हणजे मंत्री जास्तीत जास्त ४३.

आता या ४३ खुर्च्यांवर दावेदार किती? भाजपचे १३२ आमदार, शिंदेंच्या शिवसेनेचे ५७, अजित पवारांच्या राष्ट्रवादीचे ४१. एकूण २३०. म्हणून आघाडी सरकारात खुर्च्या आधी पक्षांना वाटल्या जातात, माणसांना नंतर. भाजपला मुख्यमंत्री धरून २०, शिवसेनेला १२, राष्ट्रवादीला १०. टक्केवारी काढली तर गंमत दिसते. भाजपचे आमदार ५७ टक्के, मंत्री ४८ टक्के. शिवसेनेचे आमदार २५ टक्के, मंत्री २९ टक्के. राष्ट्रवादीचे आमदार १८ टक्के, मंत्री २४ टक्के. म्हणजे धाकट्यांना वाट्यापेक्षा थोडं जास्त मिळालं. जगभरच्या आघाडी सरकारांत साधारण असंच होतं. सोबत राहण्याची ती किंमत असते.

खुर्ची पक्षाचीच असते, याचा पुरावा २०२५ मध्ये मिळाला. मार्चमध्ये राष्ट्रवादीच्या धनंजय मुंडे यांनी राजीनामा दिला. डिसेंबरमध्ये डावललेले छगन भुजबळ २० मे रोजी मंत्री झाले. तीच राष्ट्रवादीची खुर्ची, तेच अन्न व नागरी पुरवठा खातं. माणूस बदलला, कोटा बदलला नाही. पक्षाच्या कोट्यात मग जात, जिल्हा, ज्येष्ठता, नाराजी हे सगळं बसवायचं असतं.

आता आपली मोजणी करू. २०१९ मध्ये महाराष्ट्रात किती मुस्लिम आमदार निवडून आले? दहा. २०२४ मध्ये किती? दहाच. पण महाविकास आघाडीच्या मंत्रिमंडळात चार मुस्लिम मंत्री होते: राष्ट्रवादीचे नवाब मलिक आणि हसन मुश्रीफ, काँग्रेसचे अस्लम शेख, आणि राज्यमंत्री म्हणून शिवसेनेचे अब्दुल सत्तार. आज एक. आमदार तेवढेच, मंत्री चारवरून एकवर. कसं?

२०१९ च्या दहापैकी सहा जण सत्तेतल्या तीन पक्षांचे होते. सहातले चार मंत्री झाले. २०२४ च्या दहापैकी सत्तेतल्या पक्षांत तीनच आहेत: राष्ट्रवादीचे मुश्रीफ आणि सना मलिक, शिवसेनेचे सत्तार. सत्तार आधीच्या सरकारात मंत्री होते, यावेळी त्यांना वगळलं. राहिले मुश्रीफ. आणि ज्या भाजपकडे निम्म्या खुर्च्या आहेत, त्याने विधानसभेला दीडशेच्या आसपास उमेदवार उभे केले, त्यात एकही मुसलमान नव्हता. म्हणजे २० खुर्च्यांसाठी आपल्यातल्या कुणाचं नाव चर्चेत येण्याचा रस्ता निवडणुकीआधीच बंद झाला होता.

माझं आजचं पहिलं म्हणणं हेच आहे. मंत्रिमंडळ शपथविधीच्या मंडपात बनत नाही, ते तिकीटवाटपात बनतं. आपण मात्र शपथविधीच्या दिवशी मोजायला बसतो.

आणि हा प्रश्न एकट्या भाजपचा आहे असं समजून सुटू नका. २०२४ च्या लोकसभेला महाविकास आघाडीनेही ४८ पैकी एकाही जागेवर मुस्लिम उमेदवार दिला नाही. काँग्रेसचे नसीम खान यांनी त्यावर उघड नाराजी व्यक्त केली. मतदान झालं, मतं दिली गेली, विषय संपला. तिकिटाच्या वेळी आपण कुठे होतो?

आता उलटा प्रश्न. समजा खुर्च्या मिळाल्या, तर काम होतं का? चार मंत्री असतानाचं बघू. २०१४ मध्ये काँग्रेस-राष्ट्रवादी सरकारने मुसलमानांसाठी पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला होता. मुंबई उच्च न्यायालयाने नोकऱ्यांतल्या आरक्षणाला स्थगिती दिली, पण शिक्षणातलं तूर्त चालू ठेवलं. सरकार बदललं, अध्यादेशाचा कायदा झाला नाही. फेब्रुवारी २०२० मध्ये नवाब मलिक यांनी विधान परिषदेत जाहीर केलं की शिक्षणातल्या पाच टक्क्यांचा कायदा आणू. आपण पेढे वाटले. कायदा आला नाही. मंत्री चार होते, खातं हातात होतं, तरी आला नाही. कारण आघाडीत एका मंत्र्याची घोषणा म्हणजे सरकारचा निर्णय नसतो. तिन्ही पक्षांनी सरकार बनवतानाच जे लिहून, मान्य करून घेतलेलं नाही, ते नंतर कुणा एकाच्या जिवावर पुढे जात नाही.

म्हणून दुसरं म्हणणं: खुर्ची तिकिटातून येते आणि काम आघाडीच्या लेखी कार्यक्रमातून. दोन्ही गोष्टी सरकार बनण्याआधीच्या आहेत.

काही मुलं मला विचारतात, मग धर्माप्रमाणे खुर्च्या ठरवूनच का टाकत नाहीत? लेबनॉनमध्ये तसं आहे. राष्ट्राध्यक्ष मॅरोनाइट ख्रिस्ती, पंतप्रधान सुन्नी, संसदेचे सभापती शिया, मंत्रिमंडळात ख्रिस्ती आणि मुस्लिम निम्मे निम्मे. परिणाम काय? ऑगस्ट २०२० मध्ये बैरूतच्या बंदरात स्फोट झाला, सरकारने राजीनामा दिला, आणि नवं सरकार बनायला तेरा महिने लागले. खुर्ची पक्की झाली की नेत्याला आपल्याच लोकांना जाब देण्याची गरज उरत नाही. तो रस्ता आपला नाही. आपल्याला भीक नको, कायमची राखीव खुर्चीही नको. तिकिटाच्या रांगेत बरोबरीची जागा हवी.

आता जरा सोलापूरकर म्हणून बघा. आपल्या जिल्ह्यात विधानसभेच्या ११ जागा. भाजपचे पाच आमदार निवडून आले. त्यातला मंत्री किती? एकही नाही. शेजारच्या साताऱ्यात जागा आठ आणि मंत्री चार: शंभूराज देसाई, शिवेंद्रसिंहराजे भोसले, जयकुमार गोरे, मकरंद पाटील. आपले पालकमंत्री जयकुमार गोरे तिकडूनच आलेत. जिल्ह्याच्या विकासाचा पैसा वाटणाऱ्या जिल्हा नियोजन समितीचे अध्यक्ष तेच. पालकमंत्रिपद किती मोठं हे समजायचं असेल तर रायगड बघा. जानेवारी २०२५ मध्ये त्यावर दोन मित्रपक्षांत वाद सुरू झाला आणि कित्येक महिने सुटला नाही.

म्हणजे ‘मंत्रिमंडळात आपलं कोणी नाही’ हे वाक्य सोलापुरात फक्त मुसलमानाचं नाही. ते अक्कलकोटच्या शेतकऱ्याचं आहे, पूर्व भागातल्या पद्मशाली यंत्रमाग कामगाराचंही आहे. ही तक्रार आपण त्यांच्यासोबत उभं राहून मांडली तर तिला वजन येईल.

आणि तक्रार कुणाकडे मांडायची? आपल्या घरातला नळच घ्या. किती दिवसांआड पाणी येतं हे तुम्हाला मी सांगायला नको. उजनी धरण जलसंपदा खात्याकडे, कृष्णा खोऱ्याचे मंत्री राधाकृष्ण विखे पाटील, भाजप. ते पाणी शहरात वाटणारी महापालिका नगरविकास खात्याखाली, मंत्री एकनाथ शिंदे, शिवसेना. राज्याच्या तिजोरीच्या चाव्या अर्थ खात्याकडे, २०२५ मध्ये त्याचे मंत्री अजित पवार, राष्ट्रवादी. एका नळात तीन पक्ष! एकाकडे गेलात की तो दुसऱ्याकडे बोट दाखवणार. कुणाच्या हातात काय आहे हे लिहून नेलं तर निदान बोट दाखवता येणार नाही. यंत्रमागाचं तसंच. वस्त्रोद्योग संजय सावकारे यांच्याकडे, कामगार खातं आकाश फुंडकर यांच्याकडे. मौलाना आझाद महामंडळाचं शैक्षणिक कर्ज अल्पसंख्याक विकास खात्यात. ते डिसेंबर २०२४ मध्ये दत्तात्रय भरणे यांच्याकडे होतं, २०२५ मध्ये माणिकराव कोकाटे यांच्याकडे आलं.

माझा एक अनुभव सांगतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी माझी स्कॉलरशिप अडकली. अब्बा यंत्रमागावर होते, फी भरणं जड होतं. त्यांच्या ओळखीचे एक भाई म्हणाले, “फिक्र करू नका, आपला माणूस वर आहे.” चार महिने आम्ही त्यांच्या घरी खेटे घातले. ‘वरचा माणूस’ कोण हे शेवटपर्यंत कळलं नाही. शेवटी एका कार्यालयातल्या क्लार्क बाईंनी अर्ज काढून बघितला. माझ्या बँक खात्याच्या नंबरात एक आकडा चुकला होता. दहा मिनिटांचं काम. त्या बाईंचं आडनाव काय होतं, हे अब्बांनी घरी आल्यावर विचारलंसुद्धा नाही. ते फक्त म्हणाले, “आपण चार महिने चुकीच्या दारात उभे होतो.”

म्हणून मुश्रीफसाहेबांवर सगळ्या कौमचं ओझं टाकू नका, आणि बाकीच्या ४१ जणांना मोकळंही सोडू नका. मुश्रीफ वैद्यकीय शिक्षण मंत्री आहेत. आपल्या वैशंपायन मेडिकल कॉलेजबद्दल आणि सिव्हिल हॉस्पिटलबद्दल त्यांना विचारा, तिथल्या प्रत्येक पेशंटसाठी विचारा. बॅरिस्टर अंतुले आपले मुख्यमंत्री होते हे आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या काळातली, १९८० ची संजय गांधी निराधार योजना आजही चालू आहे. तिचा पैसा विधवेला, अपंगाला, निराधाराला मिळतो, नाव बघून नाही. चांगला मंत्री असाच आठवणीत राहतो.

आता करायचं काय? तीन गोष्टी सांगतो आणि थांबतो.

एक. महापालिकेवर मार्च २०२२ पासून प्रशासक होता. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये निवडणुका घेण्याचा आदेश दिला. सोलापुरात १०२ नगरसेवक निवडले जातात. उद्याचा आमदार, परवाचा मंत्री यातूनच वर जातो. तुमच्यातल्या ज्यांना जमेल त्यांनी, मुलींनीसुद्धा, आपल्या पसंतीच्या पक्षाचं सभासद व्हावं, बूथवर बसावं आणि तिकिटाच्या वेळी उठून मागावं. सगळ्यांनी एकाच पक्षात जायची गरज नाही. उलट जाऊच नये. आत्ताच बघितलंत ना, सत्तेतल्या पक्षांत सहा होते तेव्हा चार झाले, तीन उरले तेव्हा एक झाला.

दोन. मत मागायला येणाऱ्याकडून मागण्या लेखी घ्या. पाणी, शाळा, वसतिगृह, दवाखाना. आघाडी असेल तर सगळ्या मित्रपक्षांची सही घ्या.

तीन. आपल्या मोहल्ल्यात कोणतं काम कोणत्या खात्याचं, मंत्री कोण, जिल्ह्यातला अधिकारी कोण, याचा एक तक्ता करा. मंत्री बदलला की तक्ता बदला. हे काम मी करायला तयार आहे, मला चार-पाच जण लागतील. बैठक संपल्यावर दाराजवळ भेटा.

आणि त्या चाचांना कुणी भेटलंत तर सांगा, हिसाब खतम झालेला नाही. आपण तो उशिरा मांडायला बसतो, एवढंच. यावेळी वेळेवर बसू.