नाशिकच्या बाई आणि इराणच्या पोरी



मागच्या वेळी मी गटाच्या अंतर्गत कर्जाबद्दल बोलले होते. आज हिशेबाचं काही नाही. आज मी कबड्डीबद्दल बोलणार आहे. हसू नका. ही गोष्ट आमच्या गटाच्या बैठकीतच निघाली आणि त्या दिवशी हप्त्यांपेक्षा जास्त वेळ तिच्यावरच गेला.

झालं असं. आमच्या एका गटात एक सून आहे, पंचवीस-सव्वीस वर्षांची. माहेरी असताना ती शाळेकडून, मग कॉलेजकडून कबड्डी खेळायची. थेट विभागापर्यंत गेलेली. लग्न झालं, दोन लेकरं झाली, खेळ सुटला. आमच्या गावच्या शाळेत खेळाचे शिक्षक नाहीत. मुलींचा संघ तालुक्याला न्यायचा तर त्यांना शिकवायला कुणी नाही. मुख्याध्यापकांच्या कानावर हिचं नाव गेलं आणि त्यांनी निरोप धाडला की संध्याकाळी तासभर येऊन मुलींना शिकवाल का. पगार नाही, मानधन नाही. नुसतं या आणि शिकवा.

घरात कुरकुर सुरू झाली. सासू आमच्याच गटात आहे. बैठकीत ती म्हणाली, "आता काय उड्या मारायचं वय राह्यलं का? खेळायचं तेव्हा खेळली. आता तिनं काय मैदानात जाऊन दम घ्यायचा?" सून खाली मान घालून पासबुकाची पानं उलटत बसली. कुणी सासूच्या बाजूनं बोललं, कुणी सुनेच्या. मी समन्वयक, मला दोन्हीकडून धरलेलं. मावशींना मी एवढंच म्हटलं, "मावशी, खेळणं आणि खेळ शिकवणं ही दोन वेगळी कामं आहेत." त्यांना ते पटलं नाही. तेव्हा मी त्यांना शैलजा जैन यांची गोष्ट सांगितली. तीच आज तुम्हाला सांगते.

शैलजाताई मूळच्या नागपूरकडच्या. तरुणपणी स्वतः कबड्डी खेळल्या, नंतर नाशिकला प्रशिक्षक म्हणून कितीतरी वर्षं पोरींना शिकवलं. खेळाडू म्हणून त्यांचं नाव फार लोकांना ठाऊक नव्हतं. नोकरीतून निवृत्त झाल्या. आपल्याकडे निवृत्त बाई म्हटलं की नातवंडं आणि देवदर्शन. त्यांना मात्र इराणमधून बोलावणं आलं. तिथल्या महिला कबड्डी संघाला प्रशिक्षक हवा होता.

परका देश, परकी भाषा. डोक्यावर कायम रुमाल बांधायचा. बाई शाकाहारी, आणि तिथलं जेवण मांसाचं. आधी त्यांचंही मन होत नव्हतं, पण 2017 मध्ये त्या गेल्या. भाषेवाचून पोरींशी बोलणार कसं, म्हणून फारसी शिकल्या. सरावात योगासनं आणि प्राणायाम घेऊ लागल्या. कबड्डीत दम लागतो हे आपल्याला माहीत आहे, पण श्वास शिकवावा लागतो हे किती प्रशिक्षकांच्या ध्यानात येतं?

आता इराणच्या त्या पोरींची बाजू बघा. 2012 मध्ये पाटण्याला महिलांचा पहिला विश्वचषक झाला. अंतिम सामन्यात भारतानं इराणला 25-19 असं हरवलं. त्या भारतीय संघात आपल्या महाराष्ट्राच्या अभिलाषा म्हात्रे, दीपिका जोसेफ आणि सुवर्णा बारटक्के होत्या. मग 2014 ला दक्षिण कोरियात आशियाई स्पर्धा झाल्या, अंतिम सामन्यात पुन्हा भारत-इराण, पुन्हा भारत जिंकला, 31-21. म्हणजे या पोरी दारापर्यंत यायच्या आणि तिथून परत जायच्या. भारताच्या मुली तर महिला कबड्डी आशियाई स्पर्धांत आली त्या 2010 सालापासून एकदाही सुवर्णपदक सोडलेल्या नव्हत्या.

24 ऑगस्ट 2018. इंडोनेशियातलं जकार्ता. पुन्हा तोच अंतिम सामना, भारत आणि इराण. इराणच्या बाजूला मैदानाबाहेर आपली नाशिकची बाई. मध्यंतराला भारत थोडा पुढे होता. सामना संपला तेव्हा फलकावर 27-24, इराण विजयी. आदल्याच दिवशी आपला पुरुष संघही उपांत्य सामन्यात इराणकडूनच हरलेला, त्यामुळे देशात दोन दिवस हळहळ होती. त्या हरलेल्या संघात आपल्याच दोन पोरी होत्या, सायली केरिपाळे आणि सोनाली शिंगटे. एका बाजूला मराठी खेळाडू रडतायत आणि दुसऱ्या बाजूला मराठी बोलणाऱ्या बाईला इराणच्या पोरी मिठ्या मारतायत.

मी हे सांगितलं तेव्हा बैठकीत एकीनं विचारलं, "म्हणजे तिनं आपल्याच देशाला हरवलं? हे बरं का?" प्रश्न बरोबर आहे, मलाही तेव्हा पडला होता. शैलजाताईंनी नंतर सांगितलं होतं की मला स्वतःला उत्तम प्रशिक्षक म्हणून सिद्ध करायचं होतं. मला वाटतं, एखादी बाई दुसऱ्याच्या घरी स्वयंपाकाला गेली तर मीठ मोजून मापूनच घालते ना? आपल्या घरचं जेवण चांगलं ठरावं म्हणून तिथली भाजी बिघडवत नाही. ज्याचं काम घेतलं त्याचं नीट केलं. आणि त्या हरण्यानं भारताचं काही वाईट झालं नाही. पुढच्या आशियाई स्पर्धेत, चीनमध्ये 2023 ला, भारताच्या मुलींनी चिनी तैपेईला 26-25 असं एका गुणानं हरवून सुवर्णपदक परत आणलं. त्या संघात सोनाली शिंगटे होती, पुण्याची स्नेहल शिंदेही होती.

आता प्रशिक्षक नेमकं करतो काय, ते सांगते. कारण आपल्याला वाटतं, शिट्टी वाजवायची आणि "पळा पळा" म्हणायचं.

चढाई करणारी मुलगी समोर येते तेव्हा ती कुठल्या पायावर वजन टाकते, हे बाहेरून दिसतं. आत असलेल्या मुलीला दिसत नाही, तिला फक्त हात दिसतो. पकड करणाऱ्या मुली बहुतेक वेळा घाई करतात. चढाईला तीस सेकंद असतात. चढाईची मुलगी पहिले दहा-पंधरा सेकंद नुसती फसवत असते, आणि तेवढ्यातच कोपऱ्यातली एक झेपावते, सुटते आणि बाद होते. प्रशिक्षक तिला थांबायला शिकवतो. घोटा कधी धरायचा, मांडी कधी, साखळी करून दोघींनी मिळून कधी अडवायचं. समोर सहा किंवा सात जणी असल्या तरच बोनस मिळतो, म्हणून पाचच उरल्या की बोनस रेषेकडे पाय टाकून उपयोग नाही. आपल्या तीन किंवा कमी जणी उरल्या आणि तेव्हा पकड झाली तर एकाऐवजी दोन गुण मिळतात, म्हणजे तीनच उरल्या म्हणून धीर सोडायचा नसतो. ही सगळी अक्कल अंगात जोर असताना येत नाही. ती खेळून, मार खाऊन, मग बाजूला उभं राहून येते. आमच्या गटातल्या सुनेकडे नेमकं हेच आहे. तिचे गुडघे आता पूर्वीसारखे राहिले नसतील, पण तिची नजर कुठं गेली?

माझं स्वतःचं सांगते. मीही खेळले आहे, डाव्या कोपऱ्यात. आमच्या शाळेत कुणी शिकवणारं नव्हतं. आम्ही पोरी पोरांचं बघून शिकलो. एकदा वाकडी पकड केली, गुडघा पिळला. गावातल्या एका जाणत्या माणसानं तेल लावून चोळला, मी चौथ्या दिवशी पुन्हा खेळले आणि तो गुडघा आजही पावसाळ्यात ठणकतो. त्या वयात कुणी सांगितलं असतं की आधी अंग गरम कर, गुडघा वाकवून बस, दुखावलं तर बर्फ लाव आणि चोळू नको, तर बरंच वाचलं असतं. दुसऱ्या वर्षी जिल्ह्याला माझं नाव निघालं होतं, पण जन्माचा दाखला वेळेत पाठवला गेला नाही आणि माझ्या जागी दुसरी गेली. त्याचा राग आता नाही. पण आपल्या पोरींचे दाखले आणि आधार आधीच तयार ठेवा, एवढं मात्र प्रत्येक आईला सांगते. वयोगट चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे असतात, आणि तारखेचा एक दिवस इकडचा तिकडे झाला तरी पोरगी बाहेर बसते.

पैशाचं काय, हे तुम्ही विचारणारच. शाळेकडून पुढच्या पातळीपर्यंत खेळलेल्या मुलींना नियमाप्रमाणे दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात. शासकीय नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के जागा राखीव आहेत. शिकवण्याचंच काम करायचं असेल तर शारीरिक शिक्षणाची पदवी, म्हणजे बीपीएड आहे, आणि पंजाबात पटियाळ्याला राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम आहे. ती संस्था 1961 पासून चालू आहे. हे सगळ्यांना जमेल असं मी म्हणत नाही. भरती कमी, उमेदवार फार, हे मला चांगलं ठाऊक आहे. उगीच गोड स्वप्नं दाखवायची नाहीत. पण खेळणाऱ्या बाईचा पुढचा रस्ता फक्त चुलीकडेच जातो, असं नाही. हरियाणाच्या डॉ. सुनील डबास या बाईच आहेत, नावावरून फसू नका. त्यांनी 2010 साली भारताच्या महिला संघाला सुवर्णपदक मिळवून दिलं आणि त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. कर्नाटकच्या तेजस्विनीबाई आधी 2010 आणि 2014 च्या सुवर्णपदक विजेत्या संघात खेळल्या आणि आता त्याच भारताच्या मुलींना शिकवतात. 2025 च्या नोव्हेंबरमध्ये ढाक्याला महिलांचा विश्वचषक भारतानं जिंकला, तेव्हा संघाच्या प्रशिक्षक त्याच होत्या.

हे सगळं ऐकून मावशी लगेच बदलल्या असं समजू नका. त्या म्हणाल्या, "ती बाई निवृत्त होती. हिची लेकरं लहान हायेत. आन् संध्याकाळचा सैपाक?" खरी अडचण तिथंच होती. खेळाला विरोध कमी होता, संध्याकाळच्या कामाची भीती जास्त. मग बोलणं मैदानावरून स्वयंपाकघरात आलं आणि तिथं आपल्या बायका हुशार आहेत. ठरलं असं की मंगळवार आणि गुरुवार, साडेचार ते साडेपाच. त्या दोन दिवशी कणिक आणि भाजी दुपारीच करून ठेवायची. धाकटं लेकरू शेजारची काकू सांभाळेल, तिची नात शिकायला येणार आहे म्हणून. कपड्यांवरून अर्धा तास गेला. शेवटी पंजाबी ड्रेस आणि ओढणी कमरेला बांधून, यावर मावशी राजी झाल्या. कापसाची वेचणी जोरात सुरू झाली की काय करायचं, ते तेव्हा बघू.

मैदान आखायला शाळेनं फक्की दिली. मुलींचं मैदान बारा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद असतं, हे सुनेला तोंडपाठ होतं. तिनं दोरी धरली, दुसरं टोक मी धरलं. निदान रेषा, बोनस रेषा, बाजूची राखीव पट्टी, सगळं तिनं न विचारता आखलं. जमिनीत खडे होते. पहिला तास खडे वेचण्यातच गेला.

पहिल्या दिवशी सहा मुली आल्या होत्या. मागच्या गुरुवारी अकरा. त्यातल्या चौघी अनवाणी होत्या, मातीवर ते चालतं, पण खडे पूर्ण निघालेले नाहीत. सुनेनं त्यांना अजून एकही चढाई करू दिलेली नाही. नुसतं वाकणं, सरकणं, श्वास धरणं आणि पडताना खांद्यावर कसं पडायचं ते. पोरी कंटाळल्या आहेत, आणि तिनं त्यांना सांगितलंय की अजून आठ दिवस हेच.

मावशी परवा मैदानाच्या कडेला उभ्या दिसल्या. मी विचारलं तर म्हणाल्या, शेळी बघायला आले होते. शेळी काही मला दिसली नाही.

तुमच्या गटात, तुमच्या गावात लग्नाआधी खेळलेली कुणी असेल, कबड्डी असो, खो-खो असो, कुस्ती असो, तर पुढच्या महिन्याच्या बैठकीत तिचं नाव तुमच्या सहयोगिनीकडे किंवा समन्वयकाकडे द्या. घोटा मुरगळला तर काय करायचं आणि काय करायचं नाही, यावर पुढच्या वेळी आपल्या आरोग्य केंद्राच्या सिस्टरशी बोलायचं ठरवलं आहे. नमस्कार.