गाडी उभी राहिली की बंद का पडते?



आज मी पापड-लोणच्यावर बोलणार नाही, आमच्या गटाच्या गाडीवर बोलणार आहे. आपल्यातल्या बऱ्याच गटांनी माल न्यायला जुनी गाडी घेतलीय. गाडी घेताना सगळ्याजणी हळदीकुंकू लावायला पुढे असतात. ती बिघडली की मात्र कुणाच्या माथी मारायचं याचा शोध सुरू होतो.

आमची जुनी मारुती ओम्नी आहे, पेट्रोलवरची, तीन सिलिंडरची, 796 सीसीची. कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन आम्ही मोहोळकडून सोलापूरला जातो. गाडी चालवते माझी धाकटी जाऊ. लायसन्स काढलेली आमच्यातली ती पहिली. मागच्या उन्हाळ्यात एक खोड सुरू झाली. हायवेला गाडी झकास पळायची, पण सावळेश्वरच्या टोलनाक्यावर रांगेत ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की फटकन बंद. परत चावी मारा, चार हात पुढे जा, परत बंद. मागून हॉर्न. बाळ्याजवळच्या गर्दीत तेच, मार्केट यार्डाच्या फाटकात तेच.

मेकॅनिकनं गाडी बघितलीच नाही, आधी जावेकडे बघितलं. म्हणाला, "बाईमाणसाला क्लच सोडता येत नाही." आणि सांगायला वाईट वाटतं, पण गटाच्या बैठकीतही तेच निघालं. पगारी ड्रायव्हर ठेवू या, असा ठराव व्हायच्या बेतात होता. मीसुद्धा गप्प बसले होते. घरी येताना जाऊ एवढंच म्हणाली, "अक्का, न्यूट्रलमध्ये उभी असतानाही बंद पडते. तिथं क्लचचा काय संबंध?"

तिचं बरोबर होतं. ते कळायला इंजिन श्वास कसा घेतं ते समजून घ्यायला हवं.

पेट्रोल जळायला हवा लागते. इंजिनात हवा जाते त्या वाटेवर एक गोल पत्र्याची झडप असते, तिला थ्रॉटल म्हणतात. ॲक्सिलरेटर दाबला की ती उघडते, पाय काढला की मिटते. मग नाक्यावर उभ्या गाडीला हवा कुठून मिळणार? त्यासाठी झडपेच्या शेजारून एक बारीक वाट ठेवलेली असते. पाटाला दार लावलं तरी बाजूच्या चारीतून थोडं पाणी जाऊ द्यावं, तसं. त्या चारीच्या तोंडाशी एक छोटी मोटर बसवलेली असते. तिच्या टोकाला खुंटीसारखा दट्ट्या असतो, तो पुढेमागे सरकून हवा कमीजास्त करतो. हेडलाइट लावले, रेडिएटरचा पंखा सुरू झाला की इंजिनावर भार येतो. तेव्हा गाडीतला कॉम्प्युटर दट्ट्याला मागे ओढून जास्त हवा सोडतो. याचं नाव आयडल एअर कंट्रोल वॉल्व्ह. गॅरेजात 'आयडल मोटर' किंवा 'स्टेपर मोटर' म्हणून मागितला तरी कळतं.

इंजिनातल्या तेलाची वाफ परत याच हवेच्या वाटेत सोडलेली असते. तिचा चिकट थर बसतो, त्यावर धूळ बसते आणि दट्ट्या जाम होतो. आपल्या शेगडीचं बघा ना. नळीत घाण बसली की मोठा गॅस नीट पेटतो, पण सिमवर केला की विझतो. आमची ओम्नी सिमवर विझत होती, दुसरं काही नाही.

आता हे ओळखायचं कसं? गाडी उघड्यावर उभी करा, बंद शेडमध्ये नको, धूर विषारी असतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रलला. इंजिन सुरू करून ॲक्सिलरेटरवर अगदी हलका पाय ठेवा. पाय असेपर्यंत चालतंय आणि काढला की मरतंय, तर संशय या वॉल्व्हवर घ्या. मग हेडलाइट लावा. आवाज क्षणभर खाली जाऊन परत सावरला पाहिजे. सावरलाच नाही, तर संशय पक्का होत जातो. कधी उलटंही होतं, दट्ट्या उघडा अडकला तर गाडी उभ्या जागी उगाच गुरगुरते. पण पळता पळता बंद पडत असेल, तर या वॉल्व्हच्या मागे लागू नका. तिथं पेट्रोलचा पंप, फिल्टर किंवा करंट बघावा लागतो.

वॉल्व्हला हात लावण्याआधी स्वस्तातलं बघून घ्या. एअर फिल्टर धुळीनं भरलाय का, बॅटरीचं टर्मिनल ढिलं आहे का, प्लग काळे पडलेत का. आणि रबरी नळ्या! आपल्याकडच्या उन्हात त्या तडकतात आणि सूंऽ आवाज करत भलतीकडून हवा ओढतात. मग इंजिन एकदा वर, एकदा खाली, असं झोके घेत राहतं. नवीन गाड्यांत मेकॅनिक स्कॅनर लावतात. त्यावर पी 0505 असा कोड आला, तर दोष आयडलिंगच्या यंत्रणेत आहे एवढं कळतं. वॉल्व्हच गेलाय असं त्यातून ठरत नाही. आणि नुसत्या घाणीनं कधी कधी कोड येतही नाही.

आमच्या गटातल्या एका मावशींची नात आयटीआयला मोटर मेकॅनिक शिकते. एका रविवारी सकाळी, इंजिन थंड असताना, ती कामाला बसली. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली. वॉल्व्हच्या वायरीचं सॉकेट लॉक दाबून सोडवलं, वायर ओढून नाही. दोन स्क्रू काढल्यावर वॉल्व्ह हातात आला. टोक चुलीतल्या कोळशासारखं काळं! थ्रॉटल साफ करायचा स्प्रे मिळतो, तो फक्त टोकावर मारला आणि जुन्या टूथब्रशनं हळूच घासलं. मागच्या मोटरीत स्प्रे जाऊ दिला नाही. मी दट्ट्या बोटानं आत ढकलायला गेले, तर पोरगी ओरडलीच, "आजी, नको! आतले आटे तुटतात." पॉलिश पेपर, सुरी, असलं काही वापरायचं नाही. वॉल्व्ह बसतो ते भोकही पुसलं. रबरी रिंग चिरलेली होती, ती नवी घातली. स्प्रे पेट घेतो, त्यामुळे शेजारच्या दादांना बिडी विझवायला लावली.

सगळं सुकल्यावर जोडणी केली. सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटं पाय न लावता चालू ठेवली, कारण कॉम्प्युटरला नवीन अंदाज बसायला वेळ लागतो. आधी थोडी अडखळली, मग एका लयीत चालू लागली. जाऊ तोपर्यंत सीटच्या कडेला उभी होती. काही बोलली नाही, फक्त पदरानं हात पुसत राहिली.

एक आडवळण सांगते. याआधी एका गॅरेजवाल्यानं थ्रॉटलच्या अडणीचा स्क्रू पिळून आमची रेस वाढवून दिली होती. पंधरा दिवस गाडी बंद पडली नाही, पण पेट्रोल जास्त जाऊ लागलं आणि मग परत पहिले पाढे. दुसऱ्यानं इंजिन खोलायचे 14 हजार सांगितले. तो स्क्रू मूळ जागी आणायला त्या मुलीच्या सरांची मदत घ्यावी लागली. तुमच्या गाडीचा तो स्क्रू कुणाला पिळू देऊ नका.

हे सगळ्या गाड्यांना लागू नाही. डिझेलच्या पिकअपला हा वॉल्व्ह नसतो. नव्या पेट्रोल गाड्यांत बहुधा थ्रॉटलची झडपच मोटरीवर चालते, वेगळा वॉल्व्ह नसतो. त्या झडपेला बोटानं उघडू नका, जाणकाराकडूनच साफ करून घ्या.

आमचा वॉल्व्ह आठ महिने नीट चालला, मग परत तेच. या वेळी साफ करूनही फरक पडला नाही. वायरीत करंट येत होता, पण मोटर हलत नव्हती. तेव्हा नवा घातला. जावेनं ते किलोमीटरसकट वहीत लिहून ठेवलंय. त्याच वहीत मागं ड्रायव्हर ठेवायच्या ठरावाचा कच्चा मसुदा होता. तो कुणी फाडला, ते मी विचारलं नाही.