विज्ञान, इंग्रजी आणि आपली मुले
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



आपल्या तांबट ज्ञातीतील अनेक मुले इंग्रजी माध्यमाच्या शाळांत जातात, अथवा मराठी शाळेत राहून गणित व विज्ञान इंग्रजीतून शिकतात. ही निवड बरी की वाईट, हा वाद आज आम्हांस मांडावयाचा नाही. ज्या मुलाच्या घरी इंग्रजी बोलली जात नाही, त्यास त्या भाषेतून विज्ञान कसे शिकवावे, एवढाच प्रश्न आपणांपुढे ठेवावयाचा आहे.

शाळेच्या पुस्तकात धातूंच्या गुणधर्मांचा पाठ असतो. 'मॅलिएबल', 'डक्टाइल' असे शब्द मुलगा घोकतो आणि परीक्षा संपताच विसरतो. वस्तुतः धातू ठोकला असता त्याचा पत्रा होतो, एवढाच 'मॅलिएबल' या शब्दाचा अर्थ. ज्या घरी आजोबांनी हयातभर माठारकाम केले, तेथील नातू या शब्दापुढे मूक व्हावा, हे केवढे नवल! त्याच्याजवळ ज्ञान नाही असे नव्हे. ज्ञान एका भाषेत आहे आणि प्रश्न दुसऱ्या भाषेत. त्याच्या मौनास लोक मंदपणा समजतात आणि पुढे तोही स्वतःस तसेच समजू लागतो. खरी हानी ती हीच.

यावर उपाय क्रमाचा आहे. प्रथम वस्तू दाखवावी. मग मुलास जे दिसले ते घरच्या भाषेत बोलू द्यावे. त्यानंतर इंग्रजी शब्द द्यावा. आणि शेवटी त्या शब्दाचे लहानसे वाक्य त्याच्याकडून करवून घ्यावे. आरंभीच व्याख्या दिली तर हाती केवळ उच्चार राहतो.

घरची भाषा या कामी दुबळी नाही. बर्फ वितळतो, साखर विरघळते, हा भेद आपले मूल शाळेत जाण्यापूर्वीच जाणते. 'मेल्ट' आणि 'डिझॉल्व्ह' हे शब्द या दोन खुंट्यांवर टांगले की पडत नाहीत. उन्हाळ्यात तळे आटते, दोरीवरचे धुणे वाळते. या दोहोंत पाण्याची वाफ होऊन ती हवेत जाते, हे उमगले की 'इव्हॅपोरेशन' हा शब्द ओझे न राहता सोय होतो.

मात्र सोपे दिसणारे शब्द अधिक फसवे असतात. डोक्यावर भरलेला हंडा घेऊन स्वस्थ उभा असलेला मनुष्य घामाघूम होईल. परंतु हंडा हलला नाही, म्हणून विज्ञानाच्या हिशेबी त्याने हंड्यावर 'वर्क' केले नाही. मराठीत 'कार्य' म्हणावे, तर मुलास लग्नकार्य आठवते! अशा शब्दांचा शास्त्रातील अर्थ वेगळा आहे, हे शिक्षकाने स्पष्ट सांगितलेच पाहिजे.

दोन भाषा शेजारी शेजारी ठेवणे ही आपल्याकडे नवी गोष्ट नव्हे. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले, ते मराठी व इंग्रजी अशा दोन्ही भाषांत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तेथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिक्षण द्यावे आणि विज्ञान-गणिताची द्विभाषिक पुस्तके करावीत, असे म्हटले आहे.

परंतु धोरण घरापर्यंत पोहोचेतो मुले मोठी होतील. यास्तव आमची मंडळास विनंती आहे की, सुटीत मुलांचे वर्ग भरवावेत आणि तेथे शिक्षकाशेजारी आपल्या वडीलधाऱ्या कारागिरांस बसवावे. ठोकून ताठर झालेले तांबे पुन्हा तापवून मऊ का करावे लागते? कल्हईच्या वेळी नवसागर कशासाठी? कल्हई उडालेल्या भांड्यात ताक का कळकते? तांब्यात जस्त मिसळले तर पितळ आणि कथील मिसळले तर कासे, मग दोहोंच्या नादात फरक का? हे सारे विज्ञानच होय. उत्तरे प्रथम मराठीत यावीत, चित्र काढून दिली तरी चालावीत. मग तीच वहीत इंग्रजीत उतरावीत.

आईबापांसही एक सांगणे आहे. आपणांस इंग्रजी येत नाही म्हणून मुलाच्या अभ्यासापासून दूर राहू नका. "आज काय पाहिलेस?" एवढे रोज मराठीत विचारा आणि तो सांगेल ते मन लावून ऐका. ज्यास पाहिलेले नीट सांगता येते, त्यास परकी भाषा फार काळ अडवू शकत नाही.