कळांच्या वेळी आत सोबत कोण?

आम्ही दिघीतल्या बायका आज तुमच्याशी बाळंतपणाबद्दल बोलणार आहोत.

आपल्याकडे भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कितीतरी जणी मराठवाड्यातून, विदर्भातून आलेल्या. नवरा चाकणला रात्रपाळीला, आई आणि सासू गावाकडे. नववा महिना लागला की दुपटी धुऊन पिशवी भरून ठेवतो, पण कळा सुरू झाल्यावर आत सोबत कोण थांबणार, हे ठरवायचं राहूनच जातं.

सरकारी दवाखान्यात बाळंतिणीजवळ एका सोबतिणीला थांबू द्यावं, असं केंद्र सरकारने २०१६ सालीच सांगितलं आहे. सोबतीण शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. तिला संसर्गाचा आजार नसावा, कपडे स्वच्छ असावेत, आणि तिने डॉक्टर-नर्सच्या कामात लुडबुड करू नये. २०१७ साली आलेल्या 'लक्ष्य' कार्यक्रमातही सोबतीण, पडद्याचा आडोसा आणि सन्मानाची वागणूक यांवर भर आहे. बाळंतिणीवर ओरडणं, हात उगारणं हे उपचारात बसत नाही.

सोबतिणीने काय करायचं? पाठ चोळायची, घोट घोट पाणी द्यायचं, डॉक्टरांची हरकत नसेल तर हाताला धरून फिरवायचं. धीर द्यायचा. आणि लक्ष ठेवायचं. अंगावरून रक्त किंवा हिरवट पाणी जाऊ लागलं, डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, झटका आला, तर त्याच क्षणी नर्सला हाक मारायची.

एक गोष्ट घरच्यांनीही ऐकावी. "लवकर सुटका होऊ दे, कळांचं इंजेक्शन द्या" असा हट्ट धरू नका. गरज नसताना दिलेल्या त्या औषधाने कळा अति जोरात येतात, बाळ गुदमरू शकतं, गर्भपिशवीला धोका होतो. तेच औषध बाळ बाहेर आल्यावर मिनिटभरात दिलं, तर रक्तस्राव आटोक्यात राहतो. कधी द्यायचं, हे डॉक्टरांना ठरवू द्या. पोटावर जोराने दाब देऊन बाळ ढकलणं आणि प्रत्येकीला सरसकट छेद देणं, या दोन्ही गोष्टी आता योग्य मानत नाहीत.

बाळ रडलं, श्वास नीट असला, की त्याला पुसून आईच्या छातीवर ठेवावं. नाळ एक ते तीन मिनिटांनी कापावी. तासाभरात अंगावर पाजावं. सगळे बाळाभोवती जमतात, तेव्हा सोबतिणीची नजर मात्र आईवर हवी. पाच मिनिटांत पॅड भिजला तर लगेच सांगा. सगळं ठीक असलं तरी ४८ तास दवाखान्यातच राहा.

सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, जेवण आणि येण्याजाण्याची गाडी २०११पासून मोफत आहे. गाडीसाठी १०२, तातडीला १०८.

तेव्हा मैत्रिणींनो, सातव्या महिन्यातच सोबतीण ठरवा. जाऊ असो, शेजारीण असो, तिला एकदा तपासणीला बरोबर न्या आणि "कळांच्या वेळी ही माझ्याजवळ थांबेल ना?" असं तिथेच विचारून घ्या. खाजगी दवाखान्यात नाव घातलं असेल तरीही विचारा. आणि शेजारच्या खोलीत कुणी एकटी दिवस मोजत असेल, तर तिने विचारायची वाट न पाहता आपणच म्हणू या, "मी येते गं."