गाडी पसार झाली तर

दूध आणायला निघालेल्या माणसाला गाडी उडवते आणि पसार होते. नंबर कुणीच पाहिलेला नसतो. मग भरपाई मागायची कुणाकडे? सरकारकडे. अशा अपघातात मृत्यू झाला तर २ लाख, गंभीर दुखापत झाली तर ५० हजार रुपये मिळतात. १ एप्रिल २०२२ पूर्वी हेच आकडे २५ हजार आणि साडेबारा हजार होते. तेवढ्यात प्लास्टरसुद्धा निघत नसे! अर्ज प्रांत किंवा तहसीलदारांकडे करायचा. सोबत एफआयआरची प्रत आणि दवाखान्याचे कागद हवेतच, म्हणून डिस्चार्ज कार्ड जपून ठेवा. पुढे गाडी सापडली, तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचं दार उघडं असतं. तिथे बुडालेली कमाईही मागता येते. मात्र तिथली भरपाई मिळाली की आधी घेतलेली ही रक्कम त्यातून वळती होते.